खोका स्वस्त असतो, आत बसतो तो महाग

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे घोळ नको. तुम्ही डोंबिवलीला राहता, चार तारांचा बेस वाजवता, महिन्याला तीन-चार कार्यक्रम असतात. कधी दादर-परळकडे ऑर्केस्ट्रा, कधी अंधेरीतला एखादा पब. ४ ओमला ३०० वॉट देणारं छोटं क्लास डी हेड (म्हणजे हलक्या जातीचा नुसता अँप्लिफायर) घेतलंय, कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, नाही. २५ हजार रुपये बाजूला काढलेत. मुलुंडला एक जण जुनं चार-दहाचं, म्हणजे दहा इंची चार स्पीकरांचं, कॅबिनेट विकतोय, आणि इकडे मेहुण्यांचा फर्निचरचा कारखाना असल्यामुळे प्लाय फुकट कापून मिळेल. तेव्हा जुनं घ्यावं की स्वतः बांधावं? बारा इंची स्पीकर बरा की दहा इंची? आणि बांधलंच तर बाहेरून रेक्झिन की रंग?

मी बावीस वर्षं लालबागच्या एका गाळ्यात स्पीकर दुरुस्त करतोय आणि खोके बांधतोय. त्याआधी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. पैसे वाचतील म्हणून बांधणार असाल तर बांधू नका. मेहुण्यांनी फुकट कापून दिलं तरी नको.

कॅबिनेटच्या एकूण खर्चात लाकडाचा वाटा लहान असतो. एका बारा इंची स्पीकरच्या खोक्याला आठ बाय चारची अर्धी शीट पुरते. खरा पैसा स्पीकरमध्ये जातो, आणि उरलेला अशा किडुकमिडुक सामानात जातो जे कुणी हिशेबात धरत नाही: हँडल, आठ कोपरे, लोखंडी जाळी, स्पीकॉनचं सॉकेट, टी-नट, बोल्ट, फोमची पट्टी, रंग. शिवाय लॅमिंग्टन रोडच्या तीन फेऱ्या, कारण पहिल्या फेरीत बोल्ट आखूड आणलेले असतात. बाहेरून आलेला चांगला, निओडिमियम या हलक्या मॅग्नेटचा स्पीकर घ्यायचा म्हटलं तर तुमच्या पंचवीस हजारांतला मोठा घास तो एकटाच गिळेल. एवढं करून उद्या विकायला काढलंत तर घरी बांधलेल्या खोक्याला गिऱ्हाईक मिळत नाही. लोक आतल्या स्पीकरचे पैसे देतात आणि खोका वर फुकट मागतात. कंपनीचं जुनं कॅबिनेट मात्र घासाघीस करून घेतलं असेल तर दोन वर्षांनी जवळपास त्याच भावात जातं.

मग मी इतके खोके कशासाठी बांधले? गिऱ्हाइकांना हवी ती वस्तू बाजारात नव्हती म्हणून. आणि मुंबईत दहातले आठ जण एकच मागणी घेऊन येतात, ती म्हणजे वजन कमी करून द्या.

मुलुंडच्या कॅबिनेटचं वजन विचारलंत का? जुनी, जड मॅग्नेटची चार-दहाची कॅबिनेटं बहुतेक ३५ ते ४५ किलोंची असतात. डोंबिवलीहून दादरला ती कशी नेणार? लगेजचा डबा आहे, पण संध्याकाळी परळला उतरताना भाजीच्या टोपल्या आणि डब्यांच्या गर्दीतून ४० किलोंचा चौकोन बाहेर काढून बघा एकदा. रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे शहरात येत नाही, त्यामुळे खाली उतरून टॅक्सी शोधायची, आणि कॅरिअर असलेली काळी-पिवळी आता पूर्वीसारखी पटकन सापडत नाही. नाट्यगृहाचा मागचा जिना, तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. कार्यक्रमाच्या पैशातले किती टेम्पोवाल्याला जातात ते मोजलंत की कॅबिनेटची खरी किंमत कळते. मी स्वतः तरुणपणी एक अजस्र पेटी सव्वा वर्ष ओढली. कंबर अजून आठवण करून देते.

आता बांधण्यामागचं शास्त्र, कारण लोक फसतात ते इथेच. 'प्लायचा डबा केला, भोक पाडलं, स्पीकर बसवला, झालं' असा समज असतो. खोका हा वाद्याचाच भाग आहे. तंबोऱ्याचा भोपळा वाटेल त्या मापाचा घेऊन चालत नाही, तसंच हे. बेसची खालची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची बी तर ३१ वर. एवढे खालचे सूर मोठ्याने यावेत, खोका लहान असावा आणि थोड्या वॉटमध्ये दणदणीत वाजावं, या तीन इच्छा एकदम पुऱ्या होत नाहीत. दोन घ्या, तिसरीवर पाणी सोडा. स्पीकरवाल्यांमध्ये याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात, आणि कुठलीही कंपनी, कितीही महाग, तो मोडू शकलेली नाही. त्यामुळे 'एवढासा खोका आणि तळघरातून आल्यासारखा आवाज' असं कुणी सांगितलं की मी आधी वॉट विचारतो.

कुठल्या स्पीकरला किती लिटरचा खोका लागेल, हे पूर्वी अंदाजपंचे चालायचं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थीलने त्याचं गणित मांडलं, पुढे सत्तरीच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉलने ते पुरं केलं. म्हणून चांगल्या स्पीकरच्या कागदावर थील-स्मॉलचे आकडे छापलेले असतात. त्यातले चार तुमच्या कामाचे: एफएस म्हणजे स्पीकर उघड्यावर स्वतःहून ज्या सुरावर हलतो तो सूर, क्यूटीएस म्हणजे त्याचं हलणं किती आवरलेलं आहे त्याचं माप, व्हीएएस म्हणजे त्याच्या सराउंड-स्पायडरच्या (हलणाऱ्या पडद्याला कडेने आणि मागून धरणाऱ्या पट्ट्यांच्या) लवचीकपणाइतकी 'मऊ' असलेली हवा किती लिटर, आणि एक्समॅक्स म्हणजे कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) किती मिलिमीटरपर्यंत सरळ, न बिघडता हलतो. हे आकडे विनआयएसडीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की खोक्याचे लिटर आणि पोर्टचं, म्हणजे हवा आत-बाहेर जायला ठेवलेल्या भोकाचं, माप मिळतं. ज्या स्पीकरचे हे आकडे मिळत नाहीत, तो बेसच्या खोक्यासाठी घेऊ नका. दुकानदार 'साहेब, चारशे वॉट आहे, फुल बेस' म्हणतो, पण त्याचा उपयोग शून्य. वॉट म्हणजे कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) किती तापणं सोसेल एवढंच. खालच्या ई तारेवर कॉइल तापायच्या खूप आधी कोन आपली हद्द ओलांडतो. तीनशे वॉटचा म्हणून आणलेला स्पीकर ४० हर्ट्झला शंभर वॉटमध्येच खडखडताना मी कितीदा तरी पाहिलाय.

इथेच तुमच्यासारख्या तरुण मुलांना एक मोह पडतो, तो गाडीच्या सबवूफरचा. बाजारात जिथे-तिथे मिळतो, दिसायला भारदस्त, कोन चांगला हातभर हलतो, किंमतही परवडते. नको. गाडीची जागा लहान, म्हणून तो छोट्या खोक्यात खाली जाईल असा बनवलेला असतो, आणि त्यासाठी त्याची संवेदनशीलता मारलेली असते. एक वॉट दिला की एक मीटरवर अनेकदा ८५ डेसिबलच्या आसपासच. बेस गिटारचा चांगला स्पीकर तेवढ्याच वॉटमध्ये ९५ च्या वर जातो. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॉट. तुमचं ३०० वॉटचं हेड तिथे ३० वॉटच्या हेडसारखं केविलवाणं होईल. शिवाय सबवूफरला मध्यम सूर नसतात, त्यामुळे बोटांचा ठेका आणि तारेचा खणखणीतपणा जातो, उरतं फक्त घुमणं. उलट बाजूची चूकही होते: गिटारचा स्पीकर बेसला लावणं. तो जोरात वाजतो, पण त्याचा कोन एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जायला बनलेलाच नसतो. अंगठ्याने तार आपटली, पहिला जोरदार स्लॅप मारला, की जातो.

तुम्हाला अंदाज यावा म्हणून एका बारा इंची स्पीकरच्या खोक्याचा हिशेब मांडतो. समजा आकड्यांवरून ६५ लिटर आणि खोका ज्या सुरावर बांधायचा तो ४८ हर्ट्झ असं उत्तर आलं. आतली मापं ३८ रुंद, ५४ उंच, ३६ खोल सेंटिमीटर घेतली तर ७४ लिटर भरतात. त्यातून स्पीकरच्या बुडाचे तीन, आधाराच्या दांडक्याचा एक आणि पोर्टच्या पाइपांचे पाच लिटर वजा केले की ६५ उरतात. ही वजाबाकी नवशिके हमखास विसरतात. पोर्टसाठी ११० मिलिमीटरचा ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप उत्तम, कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो. एकच पाइप लावला तर तो नऊ-दहा सेंटिमीटर लांब पुरतो, पण मोठ्या आवाजात त्यातून हवा फुसफुसते, प्रेशर कुकरची शिटी व्हायच्या आधी होते तशी. म्हणून दोन लावायचे. इथे गंमत अशी, की भोक दुप्पट झालं म्हणून प्रत्येक पाइपची लांबीही वाढते, आणि दुपटीने नाही, जवळजवळ तिपटीने: साधारण २६ सेंटिमीटर. पाइप थोडा लांबच ठेवा आणि ऐकून करवतीने कापा. कापलेला जोडता येत नाही.

पोर्टवाल्या खोक्याचा एक धोका आहे. खोका ज्या सुरावर बांधलाय त्याच्या खाली गेलात की आतली हवा कोनाला आवरत नाही, तो मोकाट हलतो. म्हणून ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर हेडमध्ये आहे का ते बघा, नसेल तर वेगळा छोटा घ्या. स्पीकर वाचवण्याचा यापेक्षा स्वस्त विमा नाही. बंद खोक्यात ही भानगड नसते, हवा स्प्रिंगसारखी धरून ठेवते. म्हणून तर १९६९ मध्ये आलेल्या अँपेग कंपनीच्या एसव्हीटी अँप्लिफायरबरोबरचं आठ-दहाचं प्रसिद्ध कॅबिनेट बंद आहे आणि अजून चालतं. पण ते ६० किलोंच्या वर भरतं आणि त्याचं नावच लोकांनी फ्रिज ठेवलंय. डोंबिवलीकराने लांबून नमस्कार करावा.

लाकडाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मेहुणे फर्निचरवाले आहेत आणि ते तुम्हाला हमखास १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय देतील. 'एकदम मजबूत, पाण्यात ठेव' असं म्हणतील. आयएस ७१० चा मरीन प्लाय म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्याखाली लावायला फार चांगली वस्तू. पण त्यात बहुतेक गर्जन लाकूड असतं, आणि ते जड. वरच्या मापाचा रिकामा खोका १८ च्या मरीनमध्ये १५ किलोंच्या आसपास भरतो. तोच खोका १२ मिलिमीटरच्या हलक्या लाकडाच्या प्लायमध्ये सात किलोंत होतो. मग तो थरथरणार नाही का? थरथरेल, आधार दिला नाही तर. समोरासमोरच्या दोन फळ्यांच्या मधोमध एक दांडकं चिकटवा, झाडूच्या दांड्याएवढं जाड असलं तरी चालेल. फळीवर बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. 'ढब' असा लांबट आवाज आला तर अजून एक आधार, 'टक्' असा कोरडा आला की झालं. फक्त स्पीकरची पुढची फळी तेवढी १८ ची ठेवा, कारण तिच्यावर बोल्टचा ताण येतो. यमुनानगरकडून येणारा पॉप्लरचा प्लाय हलका असतो, पण कापलेली कड नीट बघून घ्या. थरांमध्ये पोकळी असली तर तीच पुढे एखाद्या ठरावीक सुरावर भुणभुणते, आणि तुम्ही महिनाभर स्पीकरला शिव्या घालता. बर्चचा प्लाय सगळ्यात देखणा, पोकळी जवळजवळ नाही, पण महाग. एमडीएफ अजिबात नको. जड असतो, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये पावात चहा मुरावा तसं त्याच्या कडांत पाणी मुरतं.

सांध्याला फेविकॉल भरपूर, स्क्रू फक्त तो वाळेपर्यंत धरून ठेवायला. खोका हवाबंद हवा, पोर्ट सोडून कुठूनही हवा निसटता कामा नये. तपासायला उदबत्ती पेटवून सांध्यांजवळून फिरवा आणि एक सूर धरून ठेवा. धूर जिथे फडफडतो तिथे फट आहे. आत जाड वायरींचे चोचले नकोत, घरातल्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. आतल्या भिंतींना उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस लावा, पाइपांची तोंडं मोकळी सोडून. आणि पाइपांच्या बाहेरच्या तोंडावर बारीक जाळी मारा. याचं कारण ध्वनिशास्त्रात सापडणार नाही. भायखळ्याहून दुरुस्तीला आलेल्या एका कॅबिनेटमधून स्पीकर काढला तर आत झुरळांची वसाहत होती, तीन पिढ्यांची तरी असावी.

माझ्या पहिल्या खोक्याची फजिती सांगतो. सुताराला म्हटलं, बारा इंची स्पीकर आहे, भोक पाड. तो पट्टीवर इंच आणि सूत मोजणारा जुना माणूस. त्याने अगदी तंतोतंत बारा इंचाचं गोल कापलं. स्पीकर ठेवला तर कडेला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर टेकला, आणि स्क्रूची भोकं सगळी हवेत. चूक माझीच. बारा इंची म्हणजे स्पीकरची बाहेरची चौकट साधारण तेवढी, कापायचं भोक २८० मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि नेमकं किती ते स्पीकरच्या कागदावर लिहिलेलं असतं. ती फळी आम्ही नंतर गाळ्यात चहाचे पेले ठेवायला वापरली.

आता जुन्या मालाकडे येऊ. मुंबईत जुनं कॅबिनेट येतं कुठून, हे माहीत असलं की निम्मी पारख होते. एक, कॉलेजच्या बँडमधली मुलं नोकरीला किंवा परदेशी जाताना विकतात. ही कॅबिनेटं कमी वाजलेली असतात, पण खोलीच्या कोपऱ्यात ओल्या भिंतीला टेकून दोन-तीन पावसाळे काढलेली. दोन, वसईकडचे लग्नाचे बँडवाले. त्यांच्या मालावर ओरखडे शंभर, पण तो रोज वाजलेला आणि वेळच्या वेळी दुरुस्त केलेला असतो. मला हा माल आवडतो. तीन, गणपती-नवरात्र संपल्यावर साउंड भाड्याने देणारे जे काढतात ते. तिथे सावध. ते स्पीकर दहा-दहा तास पूर्ण आवाजात चाललेले असतात, आणि त्यातले बरेच रिकोन केलेले, म्हणजे जुना कोन काढून नवा बसवलेले. रिकोन करणं वाईट नाही, माझं पोट त्यावरच आहे. पण मूळ कंपनीचा कोन न मिळाल्याने दुसराच बसवला असेल तर त्याचे थील-स्मॉलचे आकडे बदलतात, आणि खोका त्याच्यासाठी चुकीचा ठरतो.

मुलुंडला जाल तेव्हा स्वतःचा बेस, स्वतःचं हेड, एक मल्टिमीटर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. मालकाच्या वाद्यावर ऐकू नका. सगळ्यात आधी मल्टिमीटर सॉकेटला लावा. ८ ओमचं कॅबिनेट मीटरवर साडेपाच-सहाच्या आसपास दाखवतं, ४ ओमचं तीन-साडेतीन. आकडा दीडच्या जवळ आला तर कुणीतरी आत चारही स्पीकर समांतर जोडलेत आणि ते कॅबिनेट २ ओमचं झालंय. तुमचं हेड त्याला लावू नका, जळू शकतं. ४ ओमचं निघालं तर तुमच्या हेडला चालेल, पण पुढे दुसरं कॅबिनेट जोडता येणार नाही (जोडलं की ओम आणखी उतरतात), हे धरून चाला. नंतर त्याच सॉकेटला बॅटरी क्षणभर टेकवा: सगळे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एखादा उलट गेला तर दुरुस्ती पाच मिनिटांची असते, पण त्यावर भाव मात्र पाडून घेता येतो. मग जाळी काढायला लावा. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या. दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मध्याभोवती सारखी ठेवून हलकेच आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय. कडेचा सराउंड कापडाचा असेल तर निश्चिंत, फोमचा असेल तर नखाने दाबून बघा. समुद्राकाठच्या हवेत फोम काही वर्षांत बिस्किटासारखा चुरतो. एक स्पीकर उघडून मागचं लेबल बघाच. वरून नाव मोठ्या कंपनीचं आणि आत भलताच स्पीकर, असं मी दर महिन्याला पाहतो. वासही घ्या, जळालेल्या कॉइलचा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

शेवटी बेस लावून अगदी हळू आवाजात खालच्या ई पासून एकेक पट्टी वर चढा. मोठ्या आवाजात दोष लपतात. प्रत्येक कोनावर हळूच हात ठेवून बघा, चारही हलतायत ना. ८ ओमच्या चार-दहामध्ये दोन-दोन स्पीकर एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक मेला तरी त्याचा जोडीदारही गप्प होतो. घाबरू नका, पण चार हजार कमी करा. ट्वीटर (वरच्या बारीक सुरांचा छोटा स्पीकर) बंद असेल तरी फार मनावर घेऊ नका. निम्मे बेसवाले त्याचा खटका कायम शून्यावरच ठेवतात, पण विकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

दहा की बारा, याचं उत्तर लोक फार रंगवून सांगतात: दहा चपळ, बारा गोल, पंधरा जाड. स्पीकरच्या व्यासावरून एवढं काही ठरत नाही. चांगल्या दहा इंचीपेक्षा वाईट बारा इंची खाली कमी जातो. तुमच्या बाबतीत प्रश्न मापाचा नाहीच, तुकड्यांचा आहे. एका अवजड चार-दहापेक्षा ८ ओमची दोन हलकी एक-बारा कॅबिनेटं बरी. लहान जागेत एकच न्या, तेव्हा हेड ३०० च्या ऐवजी साधारण निम्मे वॉट देईल आणि ते पुरतील. मोठ्या जागेत दोन्ही जोडा: मिळून ४ ओम, पूर्ण वॉट, शिवाय दुप्पट कोन. एकावर एक उभी केली की वरचा स्पीकर थेट कानाजवळ येतो आणि स्वतःला ऐकायला आवाज वाढवावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे दोन हातांत दोन घेऊन फलाटाचा जिना चढता येतो.

म्हणून मी असं करेन. मुलुंडचं चार-दहा वजनाने ३५ च्या वर असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी. पंचवीस हजारांतून एखादं कंपनीचं जुनं ८ ओमचं एक-बारा घ्या. ते दोन-तीन महिने वाजवा, मग उघडा, आतली मापं टेपने घ्या, स्पीकरचं मॉडेल लिहून ठेवा. पुढे पैसे जमले की त्याच जातीच्या स्पीकरसाठी दुसरा खोका मेहुण्यांच्या कारखान्यात, १२ मिलिमीटरच्या प्लायमध्ये बांधा. तुलना करायला मूळ कॅबिनेट शेजारी असेल, त्यामुळे बांधलेलं कमी पडलं तर नेमकं कुठे ते लगेच कळेल. पहिला खोका हवेत बांधणाऱ्याला हीच सोय नसते, त्याला जे येतं तेच बरोबर वाटतं.

आणि घरी ऐकून निकाल देऊ नका. ४१ हर्ट्झची लाट सव्वाआठ मीटर लांब असते आणि तुमची खोली बारा फुटांची. तिथे एक सूर गडगडतो, दुसरा नाहीसा होतो, आणि त्यात खोक्याचा दोष नसतो. सोसायटीच्या गच्चीवर किंवा तालमीच्या मोठ्या खोलीत न्या, दुपारच्या वेळी. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि बेस मजल्याच्या स्लॅबमधून खालच्या काकूंच्या झोपाळ्यापर्यंत पोचतो. पबमध्ये तर पुष्कळदा बेसचा आवाज डीआयच्या तारेने थेट साउंडवाल्याकडे जातो आणि तुमचं कॅबिनेट फक्त तुमच्यासाठी असतं. तिथे एक-बारा पुरून उरतं.

राहिला रेक्झिनचा प्रश्न. रेक्झिन नको. सांधे उकलतात, आणि त्याखाली ओल धरली तर दिसत नाही. काळा टेक्स्चरचा रंग रोलरने दोन हात मारा, पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. ओरखडा पडला तर त्याच डब्यातला रंग बोटाने लावला की भागतं, म्हणून डब्यात थोडा शिल्लक ठेवा. कोपरे आणि हँडल फ्लाइट केस (वाद्यं नेण्याच्या मजबूत पेट्या) बनवणाऱ्यांकडून आणा, फर्निचरची हँडलं दुसऱ्या कार्यक्रमाला उपटून हातात येतात. आणि जून ते सप्टेंबर रंगवू नका. मी एकदा ऑगस्टमध्ये रंगवलेला खोका दिवाळीला गिऱ्हाइकाला दिला, तेव्हाही त्यावर वर्तमानपत्र चिकटत होतं.